भीतीची आठवण पक्की कशी होते? ताणाच्या संप्रेरकांचं मेंदूतलं काम

धातूच्या सळ्यांची जमीन असलेली एक पेटी. तिच्यात उंदीर सोडतात आणि दोन-तीन मिनिटं त्याला मोकळं फिरू देतात. तो कोपरे हुंगतो, मागच्या पायांवर उभा राहून भिंती चाचपतो. मग साधारण ३० सेकंद एक सूर वाजतो. सुराच्या अगदी शेवटच्या सेकंदाला पायाखालच्या सळ्यांतून ०.५ ते १ मिलिअँपिअरचा विजेचा झटका बसतो. सूर आणि झटका एकदमच थांबतात. उंदीर उसळतो, चिरकतो, आणि थोड्या वेळाने त्याला त्याच्या पिंजऱ्यात परत ठेवतात.

दुसऱ्या दिवशी त्याच उंदराला वेगळ्या पेटीत सोडतात. जमीन वेगळी, वास वेगळा, उजेड वेगळा. फक्त सूर कालचाच, आणि आज झटका नाही. सूर सुरू होताच उंदीर जागच्या जागी थिजतो. चारही पंजे जमिनीला खिळलेले, पाठ किंचित वाकलेली, मान स्थिर, मिशासुद्धा हलत नाहीत. श्वासाबरोबर बरगड्या वरखाली होतात तेवढीच काय ती हालचाल. सूर वाजत असतानाचा किती टक्के वेळ तो असा थिजून राहिला, हे मोजतात. भीतीच्या आठवणीवरचं निम्म्याहून अधिक संशोधन या एका मोजपट्टीवर उभं आहे, असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही.

(प्रयोगशाळेत मोठे रॅट आणि छोटे माऊस असे दोन जातींचे उंदीर वापरतात. इथे नुसतं ‘उंदीर’ म्हटलं की रॅट समजावं. माऊस असतील तिथे तसं म्हटलं आहे.)

आता कोडं बघा. झटका सेकंदभराचा. पण ताणाचं मुख्य संप्रेरक, म्हणजे उंदरांतलं कॉर्टिकोस्टेरॉन, रक्तात शिगेला पोहोचतं ते ताण सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी. माणसात हेच काम कॉर्टिसॉल करतं. तोवर सूर थांबलेला असतो, उंदीर पिंजऱ्यात परतलेला असतो. मग सगळं घडून गेल्यावर येणारं हे रसायन त्या घटनेच्या आठवणीवर परिणाम करतंच कसं?

ते करतं, आणि चांगलंच करतं. कारण आठवण घटनेच्या क्षणी पुरी होत नाही. त्या क्षणी तयार होते ती कच्ची आठवण, आणि तिला पक्कं व्हायला पुढचे काही तास लागतात. कच्च्या मडक्याचा आकार चाकावरच ठरलेला असतो, पण भाजल्याशिवाय ते पाणी धरत नाही, तसंच हे. अमिग्डाला या मेंदूतल्या भागात नवी प्रथिनं बनणं थांबवणारं औषध प्रशिक्षणानंतर लगेच सोडलं, तर चार तासांनी उंदीर सूर ऐकून व्यवस्थित थिजतो, पण दुसऱ्या दिवशी त्याचं थिजणं खूप कमी होतं. कच्ची आठवण होती, ती पक्की झालीच नाही. ताणाची संप्रेरकं या मधल्या काळात काम करतात. भीती ती निर्माण करत नाहीत. भीतीची आठवण किती खोल जाईल आणि किती नेमकी राहील, हे ठरवण्यात त्यांचा वाटा असतो.

आठवण बसते कुठे

कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एकेक पुंजका असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. त्याच्या बाजूच्या भागात, म्हणजे पार्श्व केंद्रकात, सुराची बातमी आणि झटक्याची बातमी एकाच चेतापेशीवर येऊन भेटतात. एरवी सुराचा संदेश तिथे दुबळा असतो. पण झटक्याने पेशी जोरात पेटलेली असताना सुराचा संदेशही आला, तर त्या जोडणीतून कॅल्शियम आत शिरतं, पेशीच्या पृष्ठभागावर नवे ग्राहक रेणू (संदेश पकडणारे) बसतात आणि जोडणी बळकट होते. दुसऱ्या दिवशी नुसत्या सुरानेही ती पेशी जागी होते. तिथून संदेश मध्यवर्ती केंद्रकाकडे जातो. ते केंद्रक एका वाटेने थिजण्याचा हुकूम सोडतं, तर दुसऱ्या वाटेने छातीची धडधड आणि रक्तदाब वाढवतं.

सुराची भीती एवढ्यावर भागते. जागेची भीती, म्हणजे ‘याच पेटीत झटका बसला होता’ ही आठवण, घडवायला हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भागही लागतो. भिंतींचा रंग, वास, जमिनीचा स्पर्श हे सगळं एकत्र बांधून ‘ही जागा’ असं चित्र तो तयार करतो. १९९२ मध्ये हे दोन स्वतंत्र प्रयोगांतून दिसलं. हिप्पोकॅम्पसला इजा केलेल्या उंदरांत जागेची भीती गेली, सुराची मात्र टिकली. हा फरक ध्यानात ठेवा, कारण संप्रेरकं या दोन आठवणींना सारखं वागवत नाहीत.

दोन वेगांची दोन रसायनं

ताण आला की शरीर दोन आघाड्यांवर हलतं.

पहिली आघाडी सेकंदांची. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यात अ‍ॅड्रेनॅलिन आधीपासूनच पुड्या बांधून तयार असतं. मज्जातंतूचा इशारा मिळाला की ते रक्तात ओतायचं, एवढंच काम उरतं. पण अ‍ॅड्रेनॅलिन मेंदूत शिरू शकत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पेशींचा अडसर त्याला जवळपास पूर्ण रोखतो. तरीही १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की शिकवणुकीनंतर लगेच उंदराला अ‍ॅड्रेनॅलिन टोचलं तर त्याची आठवण बळावते. ही शिकवणूक निराळी होती. उजेडाच्या कप्प्यातला उंदीर स्वभावानुसार अंधाऱ्या कप्प्यात शिरतो आणि तिथे त्याला एक झटका बसतो. दुसऱ्या दिवशी तो अंधारात पाऊल टाकायला किती वेळ लावतो, हे मोजतात. इंजेक्शन झटक्यापाठोपाठ दिलं तर हा वेळ वाढला, दोन तास थांबून दिलं तर काहीच फरक पडला नाही. आठवण पक्की होण्याचा काळ मर्यादित असतो, याचा इतका साधा पुरावा दुसरा शोधून सापडणं कठीण.

मेंदूत न शिरता अ‍ॅड्रेनॅलिन हे करतं कसं? व्हेगस नावाची लांब नस छाती-पोटातल्या अवयवांची खबर मेंदूच्या देठापर्यंत नेते. अ‍ॅड्रेनॅलिन तिच्यावरच्या बीटा-ग्राहकांना जागं करतं. तिथून संदेश लोकस सेरुलियस नावाच्या इवल्याशा पुंजक्याला पोहोचतो. लॅटिनमधल्या या नावाचा अर्थ ‘निळी जागा’. उंदरात तिथे एका बाजूला जेमतेम दीड हजार चेतापेशी असतात, पण त्यांचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले असतात. त्यांच्या टोकांतून अमिग्डालात नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे संदेशवाहक रसायन झिरपतं. ते तिथे दोन कामं करतं. एक, अमिग्डालातल्या आवर घालणाऱ्या पेशींचा जोर कमी करतं, त्यामुळे सुराच्या संदेशाला वाट मोकळी होते. दोन, मुख्य पेशींच्या आत रासायनिक साखळी सुरू करून जोडणी बळकट होण्याचा उंबरठा खाली आणतं. जी जोडणी एरवी जेमतेम हलली असती, ती आता घट्ट बसते.

दुसरी आघाडी मिनिटांची. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या काही पेशी सीआरएच हे ४१ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन सोडतात. १९८१ मध्ये वायली व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून ते वेगळं करून त्याची रचना सांगितली. सीआरएचच्या इशाऱ्यावर पीयूषिका ग्रंथी एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते, ते रक्तातून अधिवृक्क ग्रंथीच्या सालीपर्यंत जातं, आणि तिथे कॉर्टिकोस्टेरॉन तयार होतं. ‘तयार होतं’ हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. अ‍ॅड्रेनॅलिनसारखा याचा साठा नसतो, दर वेळी कोलेस्टेरॉलपासून ताजं बनवावं लागतं. उशीर होतो तो इथे. मात्र ते स्निग्ध पदार्थात विरघळणारं असल्यामुळे मेंदूचा अडसर त्याला फारसा अडवत नाही. रक्तातलं बहुतेक कॉर्टिकोस्टेरॉन एका वाहक प्रथिनाला चिकटलेलं असतं. जे थोडं मोकळं असतं, ते मेंदूत शिरतं.

एक संप्रेरक, दोन कुलुपं

१९६८ मध्ये ब्रूस मॅकइवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन उंदराच्या मेंदूत, विशेषतः हिप्पोकॅम्पसमध्ये, धरून ठेवलं जातं. आठवणी घडवणारा भाग ताणाचं संप्रेरक ओळखतो, ही तेव्हा मोठी बातमी होती. पुढे १९८५ च्या सुमारास कळलं की तिथे ग्राहक दोन प्रकारचे आहेत. एमआर हा ग्राहक कॉर्टिकोस्टेरॉनला फार सहज पकडतो, दुसऱ्यापेक्षा साधारण दहापट. त्यामुळे निवांत दिवशीही तो बराचसा भरलेला असतो. जीआर हा दुसरा ग्राहक मात्र पातळी खूप वाढल्यावरच भरतो, म्हणजे ताणाच्या वेळी किंवा रोजच्या चक्रात पातळी सर्वांत उंच असते तेव्हा.

एकच संप्रेरक वेगवेगळ्या पातळीला वेगळं का वागतं, हे यावरून समजतं. थोडं असेल तर पहिलं कुलूप उघडतं, पुष्कळ असेल तर दुसरंही. जीआर उघडला की तो पेशीच्या केंद्रकात जातो, डीएनएला चिकटतो आणि कोणती जनुकं वाचायची हे बदलतो. या कामाला तासभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो, पण परिणाम टिकाऊ असतो. शिवाय पेशीच्या आवरणाजवळ काही मिनिटांत घडणारे जलद परिणामही आहेत. ‘कॉर्टिसॉल चांगलं की वाईट?’ हा प्रश्नच त्यामुळे चुकीचा ठरतो. किती, केव्हा आणि मेंदूच्या कोणत्या भागात, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

अमिग्डाला जागा असेल तरच

कॉर्टिकोस्टेरॉन एकट्याने आठवण पक्की करत नाही, हा या क्षेत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा शोध. जेम्स मॅकगॉ, बेनो रोझेंडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात प्रयोगांची मालिकाच केली. शिकवणुकीनंतर कॉर्टिकोस्टेरॉनसारखं औषध दिलं की उंदराची आठवण सुधारायची. पण अमिग्डालाच्या तळ-पार्श्व भागाला आधीच इजा केलेली असेल, तर त्या औषधाचा काही उपयोग व्हायचा नाही. तिथे नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचे बीटा-ग्राहक बंद करणारं औषध सोडलं तरी तेच. इतकंच काय, औषध थेट हिप्पोकॅम्पसमध्ये सोडलं तरीसुद्धा अमिग्डाला शाबूत असावाच लागायचा.

याची बाजू पक्की करणारा एक सुंदर प्रयोग २००४ मध्ये आला, आणि त्यात झटका अजिबात नव्हता. उंदरांना पेटीत दोन वस्तू दाखवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांतली एक बदलायची. जुनी वस्तू आठवत असेल तर उंदीर नवी वस्तू जास्त वेळ हुंगतो. काही उंदरांना ती पेटी पूर्ण अनोळखी होती, तर काहींना आधी सात दिवस रोज तिच्यात फिरवून सरावलेलं होतं. कॉर्टिकोस्टेरॉनने आठवण सुधारली ती फक्त अनोळखी पेटीतल्या, म्हणजे थोड्या बावरलेल्या उंदरांची. सरावलेल्यांना काही फायदा झाला नाही. म्हणजे मन आधी जागं झालेलं असावं लागतं. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ‘हे महत्त्वाचं आहे’ अशी खूण करतं, आणि कॉर्टिकोस्टेरॉन त्या खुणेच्या आधारे कोरणी खोल नेतं.

माणसांतही या दुव्याचा पुरावा आहे. १९९४ मध्ये लॅरी केहिल आणि सहकाऱ्यांनी निरोगी लोकांना चित्रांसह एक गोष्ट दाखवली. काहींना आधी प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे बीटा-ग्राहक अडवणारं औषध दिलं होतं. आठवड्याने विचारल्यावर, औषध घेतलेल्यांना गोष्टीचा साधा भाग इतरांइतकाच आठवत होता, पण भावना हेलावणारा भाग जास्त ठळक आठवण्याचा जो नेहमीचा फायदा असतो, तो त्यांच्यात दिसला नाही.

वाढता वाढता उतरणारा आलेख

झटका ०.२, ०.४ किंवा १ मिलिअँपिअर असा चढता ठेवला, तर साधारणपणे नंतरची कॉर्टिकोस्टेरॉनची पातळीही चढते आणि जागेच्या भीतीची आठवणही बळावते. अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्या की जागेची आठवण कमकुवत होते, सुराची मात्र फारशी बिघडत नाही. हिप्पोकॅम्पस या संप्रेरकावर जास्त अवलंबून आहे, हे त्यातून दिसतं.

पण जास्त म्हणजे नेहमी चांगलं नव्हे. १९७५ च्या त्या अ‍ॅड्रेनॅलिनच्या प्रयोगांतही मध्यम मात्रेने आठवण सुधारली, मोठ्या मात्रेने तो फायदा राहिला नाही. आलेख उलट्या यू अक्षरासारखा येतो. त्याहीपुढची गोष्ट २०१२ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या गटाने माऊसवर दाखवली, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

त्यांनी सूर आणि झटका मुद्दाम वेगवेगळ्या वेळी दिले. त्यामुळे झटक्याची पूर्वसूचना सूर देत नव्हता, ती जागाच देत होती. साधा माऊस हे बरोबर शिकतो. त्याच जागी परत नेलं की थिजतो, आणि दुसरीकडे नुसता सूर ऐकवला तर निर्धास्त राहतो. मग झटका जोराचा केला आणि लगेच हिप्पोकॅम्पसमध्ये कॉर्टिकोस्टेरॉन सोडलं. आता माऊस उलटा वागू लागला. धोक्याच्या जागेत तो फारसा घाबरेना, आणि निरुपद्रवी सूर ऐकून थिजू लागला. आठवण बळकट होती, पण चुकीच्या वस्तूला चिकटलेली. एखाद्या भयंकर प्रसंगानंतर माणूस प्रसंगाचा संदर्भ विसरतो आणि एखाद्या सुट्या आवाजाने मात्र हादरतो, त्या आघातोत्तर ताणविकाराची छाया यात दिसते. भीती ‘जास्त’ होणं आणि भीती ‘चुकीची’ होणं हे दोन वेगळे बिघाड आहेत, आणि माझ्या मते दुसरा जास्त घातक आहे. नेमक्या भीतीतून जनावर धोका टाळायला शिकतं. चुकीच्या भीतीतून ते काहीच उपयोगाचं शिकत नाही.

संप्रेरक आठवायच्या वेळी आलं तर

तेच संप्रेरक आठवण पक्की करताना मदत करतं, आणि आठवण बाहेर काढताना अडथळा आणतं. १९९८ मधला प्रयोग असा. पाण्याच्या हौदात पृष्ठभागाखाली लपवलेला फलाट कुठे आहे, हे उंदरांना आधी शिकवलं होतं. परीक्षेच्या ३० मिनिटं आधी झटका दिलेले उंदीर फलाट शोधताना गोंधळले. झटका फक्त दोन मिनिटं आधी किंवा चार तास आधी दिलेले उंदीर मात्र ठीक होते. ३० मिनिटं म्हणजे नेमकी कॉर्टिकोस्टेरॉन चढलेलं असण्याची वेळ. ते बनूच न देणारं मेटिरॅपोन हे औषध दिलं, तर गोंधळही झाला नाही. पाठ असलेलं ऐन वेळी न आठवणं, हा ओळखीचा अनुभव बहुधा याचमुळे येतो.

सीआरएच: हुकूमही आणि इंधनही

सीआरएच फक्त पीयूषिकेला हुकूम देऊन थांबत नाही. अमिग्डालाच्या मध्यवर्ती केंद्रकातल्या काही पेशी ते चेतासंदेशवाहक म्हणून वापरतात, आणि या सीआरएचचा रक्तातल्या ताणाच्या साखळीशी थेट संबंध नसतो. उंदराच्या मेंदूतल्या पोकळीत सीआरएच सोडलं, तर मोठ्या आवाजाला तो जास्त जोराने दचकतो.

इथे एक गोष्ट नवख्या अभ्यासकाला नेहमी चकवते. हायपोथॅलॅमसमध्ये कॉर्टिकोस्टेरॉन सीआरएचचं उत्पादन खाली आणतं. हा ब्रेक आहे, त्यामुळेच ताण संपल्यावर साखळी तासा-दोन तासांत थंडावते. पण अमिग्डालाच्या मध्यवर्ती केंद्रकात तेच कॉर्टिकोस्टेरॉन सीआरएच वाढवतं. ताण दिवसेंदिवस चालू राहिला तर एका जागी ब्रेक लागत असतो आणि दुसऱ्या जागी वेग वाढत असतो. म्हणून रक्तातलं संप्रेरक मोजून ते बेताचं आढळलं, एवढ्यावरून अमिग्डाला शांत आहे असं म्हणता येत नाही.

रोजचा ताण मेंदूची फांदी-फांदी बदलतो

चेतापेशींच्या फांद्यांवर बारीक काट्यांसारखे उंचवटे असतात. संदेश बहुतांशी तिथे उतरतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं की उंदरांना दहा दिवस रोज दोन तास जखडून ठेवलं, तर हिप्पोकॅम्पसच्या एका भागातल्या पेशींच्या फांद्या आखडतात, पण अमिग्डालात त्या वाढतात. एकाच ताणाने एका भागाला कात्री लावली आणि दुसऱ्याला पालवी फोडली. जागा नेमकी ओळखणारा भाग दुबळा, भीती धरणारा भाग दणकट. वर सांगितलेल्या चुकीच्या भीतीला यापेक्षा सुपीक जमीन कोणती?

त्याच गटाने २००५ मध्ये फक्त एकदाच दोन तासांचा ताण देऊन पाहिलं. दुसऱ्या दिवशी अमिग्डालात काहीच बदल नव्हता. दहा दिवसांनी मात्र काटे वाढलेले दिसले आणि उंदीरही जास्त चिंताग्रस्त वागत होते. आघातानंतर त्रास उशिरा का सुरू होतो, याचा हा पेशींच्या पातळीवरचा धागा. आणि २०१२ मध्ये आणखी एक अनपेक्षित गोष्ट निघाली. त्या एकाच ताणाच्या वेळी उंदरांच्या अंगात कॉर्टिकोस्टेरॉन आधीच पुरेसं चढलेलं असेल, तर हा उशिराचा बिघाड टळतो. योग्य वेळी असलेलं ताणाचं संप्रेरक इथे चक्क ढाल ठरलं.

प्रयोग कुठे फसतो

या विषयातले निष्कर्ष वाचताना प्रयोग कसा केला, ते बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नये. उंदीर निशाचर असतो. उजेड लागण्याच्या सुमारास त्याचं कॉर्टिकोस्टेरॉन सर्वांत कमी असतं आणि अंधार पडण्याच्या तोंडावर सर्वांत जास्त. एका गटाची चाचणी सकाळी आणि दुसऱ्याची संध्याकाळी घेतली, तर औषधाचा परिणाम मोजला की घड्याळाचा, हे सांगताच येणार नाही. रक्ताचा नमुना पिंजऱ्याला हात लागल्यापासून साधारण तीन मिनिटांच्या आत घ्यावा लागतो, नाहीतर पकडण्याचाच ताण आकड्यात उतरतो. नुसती सुई टोचणं हाही ताण आहे. म्हणून मिठाचं पाणी टोचलेला तुलनेचा गट हवाच, आणि उंदरांना आधी काही दिवस हाताळून सवय लावलेली हवी.

यंत्राचेही घोटाळे होतात. लेंडी आणि मूत्र सळ्यांच्या मधे साचलं की वीज तिथूनच पळते आणि उंदराला झटका कमी बसतो. म्हणून प्रत्येक उंदरानंतर जमीन पुसून कोरडी करायची आणि प्रवाह मापकाने तपासायचा. घाबरलेल्या उंदराचा वास पेटीत राहिला तर पुढचा उंदीर शिकवण्याआधीच बिचकतो. आणि थिजणं हीच भीतीची एकमेव खूण मानली तरी गफलत होते. काही उंदीर, विशेषतः माद्या, सूर ऐकल्यावर थिजण्याऐवजी एकदम झेप घेऊन पळतात. नुसतं थिजणं मोजणारा त्यांना निर्भय ठरवून मोकळा होतो.

भीती विझवताना

सूर पुन्हापुन्हा झटक्याविना ऐकवला की थिजणं हळूहळू ओसरतं. पण जुनी आठवण पुसली जात नाही. ‘आता सूर निरुपद्रवी आहे’ अशी नवी आठवण तिच्यावर बसते. म्हणूनच काही आठवड्यांनी किंवा वेगळ्या जागी नेल्यावर जुनी भीती परत डोकं वर काढते. ही नवी आठवण सांभाळायला कपाळामागच्या प्रीफ्राँटल कॉर्टेक्सचा एक भाग लागतो, आणि दीर्घ ताणाने जे भाग आखडतात त्यांत तोही आहे. ताणाखाली राहिलेल्या जनावराची भीती विझवायला जड जाते, ती यामुळे.

नवी आठवण हीसुद्धा आठवणच असल्यामुळे तिलाही पक्कं व्हावं लागतं, आणि तिथे कॉर्टिसॉल उपयोगी पडतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत उंचीची भीती असलेल्या लोकांना संगणकाने उभारलेल्या आभासी उंचीवर सराव देण्यात आला. सरावाच्या तासभर आधी २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल दिलेल्यांची भीती, नुसती साखरगोळी घेतलेल्यांपेक्षा जास्त उतरली, आणि महिन्याने तपासलं तेव्हाही हा फरक टिकून होता. हे सगळं तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, उपचाराला जोडून केलेलं होतं. गोळी एकटीच घेऊन भीती जात नाही, आणि अशी औषधं मनाने घेणं धोक्याचं आहे.

आईजवळचं पिल्लू

वरचं सगळं प्रौढ जनावरांबद्दल झालं. उंदराचं पिल्लू जन्मल्यावर पहिले काही दिवस आंधळं असतं आणि बिळाबाहेर जाऊ शकत नाही. दूध, ऊब, सगळं आईकडूनच. साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत त्याची ताणाची साखळी जवळजवळ मिटलेली असते. झटका बसला तरी कॉर्टिकोस्टेरॉन फारसं चढत नाही. रेजिना सलिव्हन यांच्या गटाने दहा दिवसांच्या आतल्या पिल्लांना एक वास आणि त्याबरोबर सौम्य झटका दिला. पिल्लं त्या वासाला घाबरली नाहीत. उलट, पुढच्या वेळी ती त्या वासाकडे सरकली. आई कधीकधी पिल्लांना तुडवते, ओढते. त्या वयात तिच्या वासाची भीती बसली तर पिल्लू तिच्यापासून दूर राहील आणि उपाशी मरेल. मग त्याच वयाच्या पिल्लांना बाहेरून कॉर्टिकोस्टेरॉन दिलं, आणि ती प्रौढांसारखी वास टाळायला शिकली. अमिग्डाला तयार होता, फक्त संप्रेरकाची वाट पाहत होता.

बारा ते पंधरा दिवसांच्या पिल्लांत साखळी जागी व्हायला लागलेली असते. एकटं असेल तर ते पिल्लू भीती शिकतं. पण शिकवताना आई शेजारी असली की तिच्या नुसत्या असण्याने पिल्लाचं कॉर्टिकोस्टेरॉन दबतं, आणि झटका बसूनही ते त्या वासाकडेच सरकतं. याच वयाच्या पिल्लाच्या अमिग्डालात कॉर्टिकोस्टेरॉन सोडलं, तर मात्र आई शेजारी असतानाही भीती बसते.